पेढी ते ‘असेंट’ : एका हस्तांतराचा इतिहास

संस्थेचा इतिहास स्थापनेच्या तारखेपासून लिहायचा, असा स्मरणिकांचा रिवाज आहे. ‘असेंट’च्या बाबतीत तो पाळला तर २०१२ पासून सुरुवात करावी लागेल आणि मग या संस्थेत उद्योजक एकमेकांसमोर बसून जे करतात ते तसंच का करतात, याचा उलगडा व्हायचा नाही. तिची मुळं मस्जिद बंदरच्या एका पेढीत आहेत. म्हणून आधी तिकडे जाऊ.

‘असेंट’चे संस्थापक हर्ष मारिवाला यांचे पूर्वज कानजी मोरारजी १८६२ च्या सुमारास कच्छमधून मुंबईत आले. याच घराण्यातले वल्लभदास वसनजी मिरीचा व्यापार करत आणि त्या मिरीवरूनच मारिवाला हे आडनाव पडलं. १९४८ मध्ये कुटुंबाने बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीज काढली. खोबरेल तेल, खाद्यतेल, मसाल्यांचे अर्क, थोडी रसायनं असा पसारा होता. कचेरी नरसी नाथा स्ट्रीटवर, कानमूर हाऊसमध्ये. मस्जिद बंदर ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या भागाचं वर्णन सांगायला नको. हातगाड्या, गोणपाटाच्या थप्प्या, मिरची-हळदीचा खकाणा आणि पाठीवर ओझं घेऊन वाट काढणारे माथाडी. हे माथाडी बहुतांशी सातारा-पुण्याकडचे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला. कच्छी मालक, मराठी हमाल आणि केरळचं खोबरं अशा तिकाटण्यावर मुंबईचा तेलबाजार उभा होता.

१९७१ मध्ये सिडनहॅम कॉलेजातून बी.कॉम. होऊन हर्ष मारिवाला या पेढीवर आले. अशा पेढीत घरच्या मुलाला नेमणूकपत्र मिळत नाही, हुद्दा मिळत नाही. तो येतो, बसतो, वडीलधाऱ्यांचं ऐकतो आणि कधीतरी त्याचं ऐकलं जाऊ लागतं. वडील चरणदास आणि तिघे काका धंदा बघत होते. नव्या पोराने काय करायचं हे कोणी ठरवलेलं नव्हतं. एका परीने हे बरंच झालं. काम नेमून दिलेलं नसल्यामुळे ते शोधावं लागलं आणि शोधताना पेढीच्या खोबरेल तेलाचं ‘पॅराशूट’ हे नाव हाताला लागलं.

त्या वेळी खोबरेल तेल मोठ्या डब्यांतून जायचं. दुकानदार त्यातून सुटं मापून द्यायचा. गिऱ्हाइकाच्या हातात नाव पोचायचंच नाही. छोट्या डब्यांत भरून नावानिशी विकावं आणि त्यासाठी आपली वितरणव्यवस्था बांधावी, असं मारिवालांनी ठरवलं. इथपर्यंतची गोष्ट अनेक कंपन्यांच्या इतिहासात सापडते. पुढची मात्र सापडत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

पत्र्याचा डबा महाग पडायचा, प्लॅस्टिकची बाटली स्वस्त. शिवाय ती फडताळात दिसायला देखणी. तरी दुकानदार प्लॅस्टिक घ्यायला तयार नव्हते आणि त्याचं कारण उंदीर होतं. पूर्वी कोणीतरी चौकोनी बाटल्यांचा प्रयोग करून पाहिला होता. उंदरांनी कोपरे कुरतडले, तेल गळलं, वासाने आणखी उंदीर आले आणि दुकानातला बाकीचा मालही खराब झाला. ‘प्लॅस्टिक नको’ ही व्यापाऱ्यांची हट्टी समजूत नव्हती, तो पोळलेला अनुभव होता. मारिवालांच्या माणसांनी मग बाटली गोल केली. गोल बाटलीला कोपरा नाही, म्हणजे दात रोवायला जागा नाही. बाहेरच्या अंगाला तेलाचा थेंबही राहू नये, म्हणजे वास सुटणार नाही, याची काळजी घेतली. आणि मग बाटल्या उंदरांबरोबर पिंजऱ्यात ठेवून दिल्या. काही दिवसांनी बाहेर काढल्या तर त्या शाबूत. हा निकाल व्यापाऱ्यांपुढे ठेवला. तरीही बाजार पत्र्यावरून प्लॅस्टिकवर यायला बरीच वर्षं लागली.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात नवनिर्मितीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला तिच्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. दुकानदाराला कोणी व्याख्यान दिलं नाही. त्याची अडचण खरी मानली आणि उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलं. पुढे ‘असेंट’मध्ये सल्ला देण्याची जी पद्धत रुजली ती याच वळणाची आहे.

ऐंशीच्या दशकाअखेर प्रश्न वेगळा झाला. ब्रँड वाढवायचे तर बाहेरची शिकलेली माणसं हवीत आणि ती मस्जिद बंदरच्या पेढीत यायला तयार नाहीत. वरिष्ठ पिढी, सामायिक मालकी, प्रत्येक निर्णयाला चार होकार, या चौकटीत व्यावसायिक व्यवस्थापक टिकणं कठीण. १९९० मध्ये ग्राहक-वस्तूंचा व्यवसाय वेगळा काढून मॅरिको सुरू झाली. कुटुंब तेच, पण कारभार वेगळा. कचेरी वांद्रे रेक्लमेशनला गेली, मराठी नाट्यरसिकांच्या ओळखीच्या ‘रंगशारदा’मध्ये. पत्ता बदलला तशी माणसं येऊ लागली. नव्या कंपनीत नोकरांना नोकर म्हणायचं नाही, ‘मेंबर’ म्हणायचं, मालकालाही नावानेच हाक मारायची, असे रिवाज पडले. आज प्रत्येक स्टार्टअपमध्ये हे चालतं, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही. ज्या बाजारात मुनीम शेठसमोर टेकूनसुद्धा बसत नसे, तिथून आलेल्या घरात हे चालू झालं, ही नवलाई.

पहिली वाटणी ही अशी. मारिवालांनी पेढी मोडली नाही, पेढीतून उठून शेजारी दुसरं घर बांधलं. आपल्याकडे कुटुंबाच्या धंद्यात वेगळं होणं म्हणजे भांडण, कोर्ट आणि दोन पिढ्यांचा अबोला. इथे तसं झालं नाही याचं श्रेय काकांच्या पिढीलाही द्यायला हवं. त्यांनी तरुणाला जाऊ दिलं.

१९९६ मध्ये मॅरिकोचे समभाग बाजारात आले. केरळात कांजिकोड, आपल्याकडे जळगाव, असे कारखाने झाले. ‘सफोला’ हे नावही जुन्या बॉम्बे ऑइलचंच. ते मुळात करडईच्या तेलाचं, म्हणजे आपल्या सोलापूर-मराठवाड्याच्या पिकाचं. बांगलादेशात पाय रोवले आणि २००९ मध्ये तिथली कंपनी ढाक्याच्या बाजारात नोंदवली गेली. या काळातली सर्वांत गाजलेली लढाई हिंदुस्तान लिव्हरशी झाली. लिव्हरचं खोबरेल ‘निहार’. कंपनी विकता का, अशी विचारणा मारिवालांना झाली होती. त्यांनी नकार दिला आणि पुढची काही वर्षं दोन्ही नावं एकमेकांना भिडली. शेवटी २००६ मध्ये मॅरिकोनेच ‘निहार’ २१६ कोटी रुपयांना विकत घेतलं. मारिवालांच्या धंद्याचा विषय निघाला की हीच गोष्ट आधी सांगितली जाते. ती रंजक आहे खरी, पण आपल्या विषयाशी तिचा संबंध एवढाच की नकार देण्याच्या त्या दिवसांत मालक किती एकटा असतो, हे मारिवालांनी स्वतः अनुभवलं.

या एकटेपणाबद्दल मराठीत फार लिहिलं जात नाही. उद्योजकाची चरित्रं म्हटली की जिद्द, चिकाटी, भांडवलाची चणचण, सरकारी परवाने. पण धंदा नीट चालू लागल्यावर एक वेगळीच पंचाईत होते. हाताखालच्यांना शंका सांगता येत नाहीत, ते घाबरतील. बँकेला सांगता येत नाहीत, ती हात आखडता घेईल. घरी सांगाव्यात तर रात्रीची झोप दोघांचीही जाते. व्यापारी समाजात तर झाकली मूठ सव्वा लाखाची हे धंद्याचं पहिलं सूत्र. मोठ्या कंपनीचा मालक निदान सल्लागार तरी पैसे टाकून आणू शकतो. मारिवालांनी राम चरण यांच्यासारख्या नामवंत सल्लागारांची मदत घेतली, पुढे २०२१ मध्ये दोघांनी मिळून ‘हार्श रिअॅलिटीज’ हे पुस्तकही लिहिलं. पण वीस-पंचवीस कोटींची उलाढाल असलेल्या भिवंडीच्या किंवा चाकणच्या कारखानदाराने कोणाकडे जायचं?

२००३ मध्ये मॅरिको इनोव्हेशन फाउंडेशन निघालं. डॉ. रघुनाथ माशेलकर बरीच वर्षं त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. नव्या कल्पना शोधायच्या, त्यांच्या कर्त्यांना हात द्यायचा, पुरस्कार द्यायचे, असं त्याचं स्वरूप. काम चांगलं होतं, पण ते कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या पैशाने चाललं होतं. मारिवालांच्या मनातलं दुसरं काम वैयक्तिक होतं. त्यासाठी २०१२ मध्ये त्यांनी ‘असेंट’ काढली. उद्योगांच्या वाढीला वेग देणं अशा अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नावाचं हे आखूड रूप. संस्था नफ्यासाठी नाही. भांडवल पुरवणं हे तिचं काम नाही, धंदा सुरू करून देणं हेही नाही. ज्याने धंदा सुरू करून चालवून दाखवला आहे आणि आता जो मधल्याच पायरीवर अडकला आहे, त्याच्यासाठी ती आहे.

नवउद्योजक म्हटलं की डोळ्यांसमोर कॉलेजातून बाहेर पडलेला, हातात कल्पना घेऊन पैसे मागत फिरणारा मुलगा येतो. त्याच्यासाठी इन्क्युबेटर आहेत, स्पर्धा आहेत, २०१६ पासून केंद्राची स्टार्टअप योजना आहे. मधल्या पायरीवरच्या माणसाकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. त्याचा धंदा नफ्यात असतो, म्हणून तो कोणाच्या कळवळ्याचा विषय होत नाही. शंभर माणसं कामाला आणि प्रत्येक चेकवर सही त्याचीच. तो आजारी पडला की कारखाना आजारी पडतो. अशा माणसाला वाढायचं असेल तर त्याने आधी स्वतःच्या कामातून बाजूला व्हायला शिकलं पाहिजे, आणि हे त्याला कोणी शिकवत नाही.

‘असेंट’ची घडण साधी आहे. अर्ज घ्यायचे, मुलाखती घ्यायच्या, निवड करायची. निवडलेल्यांचे दहा-बारा जणांचे गट करायचे. त्यांना ‘ट्रस्ट ग्रुप’ म्हणतात. एका गटात एकमेकांचे स्पर्धक घ्यायचे नाहीत. कोणी औषधांच्या वेष्टनाचा धंदा करतो, कोणी सॉफ्टवेअरचा, कोणाची उपाहारगृहांची साखळी, कोणाचा सुट्या भागांचा कारखाना. गटाने महिन्यातून एकदा बसायचं. खोलीत बोललेलं खोलीबाहेर जायचं नाही, हा पहिला आणि सर्वांत कडक नियम.

अशा बैठकीत काय घडतं ते थोडं जवळून बघू. एकजण आपला प्रश्न मांडतो. समजा, वीस वर्षांचा जुना मॅनेजर आहे. प्रामाणिक आहे, वडिलांच्या काळापासून आहे, पण धंदा त्याच्या आवाक्याबाहेर गेलाय. काढावा तर मन होत नाही, ठेवावा तर वरचं माणूस आणता येत नाही. बाकीच्यांनी लगेच उपाय सांगायचे नाहीत. आधी प्रश्न विचारायचे: त्याला हे कळलंय का, तुम्ही त्याच्याशी शेवटचं मोकळेपणी कधी बोललात, वडील काय म्हणतात, पगार किती, त्याच्यानंतर कोण? बरेचदा इथेच ज्याचा प्रश्न आहे त्याला दिसू लागतं की अडचण मॅनेजरची नाही, वडिलांना सांगण्याची आहे. मग इतरांनी बोलायचं, पण ‘तुम्ही असं करा’ असं म्हणायचं नाही. ‘माझ्याकडे असं झालं तेव्हा मी असं केलं, आणि त्याचं असं झालं’ एवढंच. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, त्या न्यायाने इथे बोलायचा अधिकार ज्याचं जळलंय त्यालाच.

सांगायला सोपं, पाळायला महाकठीण. आपल्याकडे चार माणसं जमली की तिघांकडे सल्ला तयार असतो. उद्योजकाचं तर आयुष्यच हुकूम सोडण्यात गेलेलं. त्याला दोन तास उत्तर न देता बसवणं म्हणजे अट्टल वक्त्याला श्रोता करणं. काहींना ते जमत नाही, काहींना एवढा मोकळेपणा झेपत नाही. ‘असेंट’सारख्या संस्थेचा सगळा जीव या एका शिस्तीत आहे. ती सैल झाली की उरतं ते ओळखीपाळखी वाढवायचं मंडळ, आणि तशी मंडळं मुंबईत पैशाला पासरी आहेत.

मला या रचनेत एक उणीव दिसते, तीही नोंदवतो. निवड करून घेतलेले, इंग्रजीत सहज वावरणारे, महानगरातले उद्योजक हा या संस्थेचा मुख्य गाभा. इचलकरंजीचा यंत्रमागवाला किंवा जालन्याचा बियाणेवाला इथे सहज पोचत नाही. खरं तर ट्रस्ट ग्रुपची पद्धत त्याच्या अंगवळणी आधीच आहे, गावच्या कट्ट्यावर तो तेच करतो. फक्त तिथे गुप्ततेचा नियम नाही, आणि तोच नसल्यामुळे तो खरं बोलत नाही. ही पद्धत मराठीतून, तालुक्याच्या गावी न्यायला कोणीतरी पुढे यायला हवं.

आता मुख्य हस्तांतराकडे. ‘असेंट’ २०१२ ची, आणि मारिवालांनी मॅरिकोची सूत्रं सोडली ती २०१४ मध्ये. हा क्रम मला योगायोग वाटत नाही. खुर्ची सोडणाऱ्या माणसाला सर्वांत मोठी भीती सकाळची असते: दहा वाजता जायचं कुठे? ज्यांना जायला जागा नसते ते जुन्या कचेरीत येऊन बसतात, ‘सहज आलो’ म्हणतात, आणि तासाभरात कोणत्या तरी निर्णयात बोट घालतात. मारिवालांनी दुसरं काम आधी उभं केलं आणि मग पहिलं सोडलं.

उत्तराधिकारीही एका रात्रीत सापडलेला नव्हता. सौगत गुप्ता हे खरगपूरच्या आयआयटीचे आणि बंगळूरच्या आयआयएमचे. कॅडबरी आणि आयसीआयसीआय प्रुडेन्शियलमध्ये काम करून ते २००४ मध्ये विपणन विभागाचे प्रमुख म्हणून मॅरिकोत आले. २००७ मध्ये ग्राहक-वस्तू व्यवसायाची सूत्रं त्यांच्याकडे आली, २०१३ मध्ये कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि २०१४ च्या एप्रिलपासून व्यवस्थापकीय संचालक. म्हणजे दहा वर्षांची उमेदवारी. कोणते निर्णय कोणाचे, कशात अध्यक्षांना विचारायचं आणि कशात नुसतं कळवायचं, हे आधी स्पष्ट केलं गेलं. मुलगा ऋषभ संचालक मंडळावर आला, पण कारभार त्याच्याकडे गेला नाही. कुटुंबाने मालक म्हणून राहावं, कंपनी चालवणाऱ्याने चालवावी, ही मारिवालांची जाहीर भूमिका.

याच काळात देशातली दोन मोठी हस्तांतरं फिसकटली. टाटा सन्समध्ये डिसेंबर २०१२ मध्ये सायरस मिस्त्री अध्यक्ष झाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांना दूर करण्यात आलं. इन्फोसिसमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये विशाल सिक्का आले, तीन वर्षांनी गेले आणि संस्थापकांपैकी नंदन निलेकणींना परत यावं लागलं. दोन्ही ठिकाणची कारणं वेगळी, आणि त्यात कोणाचं चुकलं हे ठरवण्याची ही जागा नाही. एक फरक मात्र नोंदवायला हरकत नाही. सिक्का बाहेरून थेट वर आले होते. मिस्त्री टाटा सन्सच्या संचालक मंडळावर २००६ पासून होते, तरी समूहाचा दैनंदिन कारभार त्यांनी त्यापूर्वी चालवलेला नव्हता. गुप्तांनी मॅरिकोचा पसारा आधी चालवून दाखवला होता आणि चुका करायच्या त्या मालक शेजारच्या खोलीत असतानाच करून घेतल्या होत्या.

मारिवालांच्या त्यागाची फार आरती ओवाळण्याचंही कारण नाही. मालकी सुटलेली नाही. कुटुंबाचा हिस्सा साठ टक्क्यांच्या आसपास राहिला आणि अध्यक्षपदही मारिवालांकडेच राहिलं. शिवाय त्वचेच्या निगेसाठी मॅरिकोने जी ‘काया’ची क्लिनिकं काढली होती ती २०१३ मध्ये वेगळ्या कंपनीत गेली, आणि त्या कंपनीचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक हर्ष मारिवालाच. भरभराटीचा धंदा दुसऱ्याच्या हाती देणं आणि अडखळणारं लेकरू स्वतःच्या कडेवर ठेवणं, हे माणूस म्हणून समजण्यासारखं आहे. नव्या उद्योजकांना हस्तांतराचे धडे देणाऱ्याची ही बाजूही इतिहासात यायला हवी, कारण बारकावे तिच्यातच आहेत.

२०१४ नंतरचा काळ मॅरिकोच्या बाजूने बघितला तर आणखी एक गोष्ट दिसते. कंपनी छोट्या, नव्या ब्रँडमध्ये पैसे घालू लागली. अहमदाबादच्या ‘बिअर्डो’त २०१७ मध्ये ४५ टक्के हिस्सा घेतला, उरलेला २०२० मध्ये. २०२१ मध्ये ‘जस्ट हर्ब्ज’, २०२२ मध्ये पुण्याची ‘ट्रू एलिमेंट्स’, २०२३ मध्ये ‘प्लिक्स’. पहिल्या दिवशी सगळं विकत घ्यायचं नाही, निम्म्याच्या आगेमागे हिस्सा घ्यायचा आणि उरलेला टप्प्याटप्प्याने, ही बहुतेक ठिकाणची पद्धत. संस्थापकांनी आपल्या खुर्चीवर राहावं, वितरण आणि खरेदीचं बळ मोठ्या कंपनीने पुरवावं. मस्जिद बंदरच्या काकांनी १९९० मध्ये पुतण्याला जसं शेजारी वेगळं घर बांधू दिलं, साधारण त्याच जातीचा हा व्यवहार, फक्त आता तो करारपत्रावर येतो आणि त्यात टक्केवारी असते. करार संपल्यावर या संस्थापकांचं काय होतं, ते थांबतात की दुसरा धंदा काढतात, की ‘असेंट’सारख्या एखाद्या गटात जाऊन दुसऱ्यांचं ऐकत बसतात, हे पुढच्या चार-पाच वर्षांत दिसेल.